एकशे बारा बाय सत्तर

स्ट्रेटहॅम, लंडन
२१ सप्टेंबर २००९

सुलक्षणामावशी,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

घटस्फोटाला दीड वर्ष झालं, आता हिला नवऱ्याच्या मावशीची आठवण कशी झाली, असं तुम्हाला वाटेल. हे पत्र पुष्करबद्दल नाही. तो दर शनिवारी येतो, लेकीला, पूर्वीला, वॉटफर्डला घेऊन जातो आणि रविवारी संध्याकाळी वेळेवर आणून सोडतो. त्याच्याशी माझं भांडायचं ते भांडून झालं. तुमच्याशी भांडायचं आहे हे मला गेल्या आठवड्यापर्यंत माहीतच नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझं रजिस्ट्रेशन झालं. मी आता या देशात रीतसर फार्मसिस्ट आहे आणि स्टेशनजवळच्या एका केमिस्टकडे कामाला आहे. आमच्या भागातल्या थोड्या दुकानांमध्ये पुढच्या महिन्यापासून एक नवी सोय सुरू होते आहे. बाईने डॉक्टरची अपॉइंटमेंट न घेता सरळ आमच्याकडे यायचं. आम्ही तिला आतल्या खोलीत बसवून विचारपूस करायची, बीपी आणि वजन बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर गर्भनिरोधक गोळ्या आम्हीच द्यायच्या. त्याचं ट्रेनिंग चालू आहे. तिथे आम्हाला एकमेकींचं बीपी घ्यायला लावलं. मी दंडाला पट्टा गुंडाळून घेतानाच सांगून टाकलं, माझं जास्त येईल, मला पाच वर्षांपासून त्रास आहे.

ट्रेनरने विचारलं, “औषध कुठलं घेतेस?”

“काही नाही. मीठ कमी खाते.”

“कोणी सांगितलं बीपी आहे म्हणून?”

“डॉक्टरांनी.”

एकशे आठ बाय अडुसष्ट आलं. तिने तीनदा घेतलं. “तुझ्या डॉक्टरचं मशीन बिघडलं असणार,” असं ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर मात्र हसू येईना. इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अर्ज करून मी माझे सगळे जुने कागद मागवले. पेशंटने डॉक्टर बदलला की त्याची फाइल त्याच्या मागोमाग जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या दवाखान्यातलं माझं सगळं इथे येऊन पडलं होतं. गुरुवार, ९ डिसेंबर २००४. तुम्ही स्वतः टाइप केलेल्या तीन ओळी आहेत. पहिली, बीपी एकशे बारा बाय सत्तर. दुसरी, पेशंट गोळी मागते आहे. तिसरी, नको असा सल्ला दिला.

तुम्ही विसरला असाल तर तो दिवस मी सांगते. मला येऊन दहा महिने झाले होते. पुण्याचं बी.फार्म. इथे चालायचं नाही, म्हणून ब्रायटनला एक वर्षाचा कोर्स करायचा होता आणि पुढच्या सप्टेंबरची जागा मला मिळाली होती. नात्यातल्या माणसांना डॉक्टरने तपासू नये म्हणतात, पण पुष्कर म्हणाला, घरची डॉक्टर असताना परक्याकडे कशाला. मी तुम्हाला म्हटलं, मावशी, दोन वर्षं मूल नको आहे. तुम्ही माझा दंड हातात घेतलात, मशीनचं तोंड तुमच्याकडे होतं. आकडा बघून तुम्ही चष्मा काढलात. “कस्तुरी, बाळा, तुझं बीपी फार आहे ग. ही गोळी घेतलीस तर लकवा मारेल. तुला नाही चालायची.” मी रडले. तुम्ही मला तुमच्याच डब्यातला चिवडा खायला दिलात आणि मी हात पुढे केल्यावर म्हणालात, नको, त्यात मीठ आहे.

जानेवारीत मी घाबरून हायस्ट्रीटवरच्या केमिस्टकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी घ्यायची तातडीची गोळी घेऊन आले. त्या माणसाने चार प्रश्न विचारले, गोळी दिली, आणि माझ्याकडे वर मान करून एकदाही चुकीच्या नजरेने पाहिलं नाही. रिकामं पाकीट पुष्करला कोटाच्या खिशात सापडलं. त्याने तुम्हाला बोलावलं. तुम्ही आमच्या सोफ्यावर बसून त्याला सांगितलंत की तुझी बायको जिवाशी खेळते आहे. त्यानंतर माझा कोट, माझी पर्स, सगळं तपासलं जायला लागलं. फेब्रुवारीत दिवस राहिले. ब्रायटनची जागा मी पत्र लिहून सोडली. ते पत्रही तुमच्याच प्रिंटरवर काढलं होतं.

गरोदरपणात मिडवाइफ बीपी घ्यायची तेव्हा ते नेहमी नॉर्मल यायचं. मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, पोटुशी असताना उतरतं, नंतर वर जाईल. त्यातलं अर्धं खरं असतं, म्हणून मी सगळंच खरं मानलं. बाळंतपणानंतर मी स्वतःचं बीपी कधी मोजलंच नाही. भीती वाटायची. पाच वर्षं मी लोणच्याला बोट लावलेलं नाही.

एकशे बारा बाय सत्तर. मला याचं उत्तर पाहिजे.

कस्तुरी

स्ट्रेटहॅम
१२ ऑक्टोबर २००९

ती. मावशींना सादर नमस्कार,

मागचं पत्र मी फार तावातावाने लिहिलं. तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत ते बरोबरच केलंत. अशा पत्राला काय उत्तर देणार.

परवा पुष्कर पूर्वीला घ्यायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. एरवी तो बेल वाजवून गाडीत थांबतो. तुम्ही त्याला सांगितलं असावं. मला म्हणाला, “बीपीचं मला काही माहीत नव्हतं. पण एक सांग, मावशीने तेव्हा गोळी दिली असती तर पूर्वी झाली असती का? का तुला पूर्वी नकोच होती?” पूर्वी आत बूट घालत होती. मी आत जाऊन तिच्या बुटांचे बंद बांधले. नंतर विचार केला, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. जे झालं त्यातून माझ्या घरात ही मुलगी आली. ती आता नर्सरीत जाते, आणि परवा मला विचारत होती की वॉटफर्डची आजी, म्हणजे तुम्ही, इतका छान केक करते, तुला का येत नाही.

मला भांडण वाढवायचं नाही, मावशी. मी दमले आहे. फक्त कारण कळलं तर मनातलं निघून जाईल. तुम्ही मला पहिल्यांदा हीथ्रोवर न्यायला आला होतात, माझ्यासाठी तुमचा जुना कोट घेऊन. ज्या बाईने ते केलं तिने हे का केलं असेल, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. फोन नको. फोनवर मला रडू येतं आणि मग मी भलतंच बोलते. तुम्ही चार ओळी लिहून पाठवा. मराठीतच लिहा. तुमचं अक्षर मला आवडतं.

इथे नवी सोय सुरू झाली. बायका येतात. बऱ्याच जणी पहिल्यांदा येतात तेव्हा दुकानात शाम्पू बघत फिरत राहतात. मग काउंटरपाशी येऊन हळूच विचारतात.

पूर्वीचा नमस्कार.

तुमची,
कस्तुरी

स्ट्रेटहॅम
९ नोव्हेंबर २००९

ती. मावशींना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं.

पुष्करच्या आईंना तेव्हा कॅन्सर सगळीकडे पसरलेला होता, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पुष्करलाही तुम्ही दोघी बहिणींनी सांगितलं नव्हतं. आम्हाला ते उन्हाळ्यात कळलं, तेव्हा मला पाचवा महिना होता. नोव्हेंबर २००४ मध्ये आईंनी तुम्हाला फोन करून म्हटलं, “सुला, माझ्याकडे वर्ष-दीड वर्ष आहे, मला नातवंड बघून जायचंय, तू तिकडे डॉक्टर आहेस, काहीतरी कर,” आणि पुढच्याच महिन्यात मी तुमच्या खोलीत येऊन गोळी मागितली. तुम्ही लिहिता, “त्या क्षणी माझ्यापुढे तू नव्हतीसच, माझी ताई होती.” हे वाक्य मी वाचलं आणि मला तुमची दया आली. हे खोटं लिहीत नाही.

आईंनी पूर्वीला पाहिलं. जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. त्यांना मांडीवर घेण्याचं बळ नव्हतं, म्हणून मी पूर्वीला त्यांच्या कुशीत झोपवायची आणि पलंगाच्या कडेला हात लावून बसून राहायची. मार्चमध्ये त्या गेल्या. दीड महिना मी त्यांचं सगळं केलं. तोंड पुसणं, कूस बदलणं, सगळं. त्या मला म्हणायच्या, तू आलीस आणि घर भरलं. मी समजत होते की हे नशिबाने जुळून आलं.

मावशी, एकच गोष्ट राहिली. तुम्ही लिहिलंय, “मी तुला तेव्हा जे सांगितलं ते सांगायला नको होतं.” पण काय सांगितलं ते नाही लिहिलंत. मला आता स्वतःवरच शंका यायला लागली आहे. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं, इथली पद्धत माहीत नव्हती, मी घाबरलेली होते. कदाचित तुम्ही नुसतं ‘जपून राहा’ म्हणाला असाल आणि मीच भलतं ऐकलं असेल. तसं असेल तर मी पाच वर्षं उगाच धरून बसले. तुम्हाला आठवत असेल तर मशीनवर काय आलं होतं आणि मला तुम्ही काय म्हणालात, एवढं साफ लिहा. मग मी ते मिटवून टाकीन.

संक्रांतीला मराठी मंडळात तुमचा रिटायरमेंटचा सत्कार आहे, ऐकलं. अभिनंदन.

तुमची,
कस्तुरी

स्ट्रेटहॅम
८ डिसेंबर २००९

सुलक्षणामावशी,

आज दुपारी साडेबाराला मी तुमच्याविरुद्धची तक्रार डॉक्टरांच्या नियामक मंडळाच्या लंडनमधल्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली. पोस्टावर भरवसा ठेवला नाही. पाच वर्षांपूर्वीच्या गोष्टीची तक्रार ते सहसा घेत नाहीत, आणि उद्या पाच वर्षं पूर्ण होतात. माझ्या प्रतीवर त्यांनी तारखेचा शिक्का मारून दिला आहे.

तक्रारीला मी तीन गोष्टी जोडल्या. माझ्या फाइलमधलं ते पान. ब्रायटनचं जागा दिल्याचं पत्र. आणि तुमची दोन्ही पत्रं, मूळ मराठी आणि अधिकृत भाषांतर.

आता तुम्हाला कळलं असेल की मी ऑक्टोबरात नमस्कार का लिहिला होता. नुसत्या त्या पानावर काही झालं नसतं. एकशे बारा बाय सत्तर असं तुम्ही खरंच लिहिलं आहे, आणि ‘नको असा सल्ला’ कुठलाही डॉक्टर देऊ शकतो. तुम्ही मला तोंडाने काय सांगितलंत याला साक्षीदार नव्हता. म्हणून मला ते तुमच्या हातून लिहून हवं होतं. तुम्ही लिहिलंत. “मशीनवर नॉर्मल आलं होतं. मी तुला बीपी जास्त आहे असं खोटं सांगितलं. माझ्या बहिणीसाठी सांगितलं.” आणि खाली, “हे आपल्या दोघींतच राहू दे.” भाषांतर करणाऱ्या बाईंनी मला फोन करून विचारलं, शेवटची ओळ खाजगी वाटते, तीही करायची का? मी म्हटलं, सगळं करा.

माझं इंग्रजी तेव्हा कच्चं नव्हतं. आणि आपण तर मराठीतच बोललो होतो. ते वाचतानाच तुमच्या लक्षात यायला पाहिजे होतं.

तुम्ही म्हणाल, गळा कापलास. हो, विचारपूर्वक कापला. पण एक दिवस असा होता की मी हे सगळं फाडून टाकणार होते. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी. आईंचा फोन, तुमचं एकटीने ते ओझं वागवणं, वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. मग तुमचं दुसरं पत्र आलं. त्यात कबुलीच्या खाली तुम्ही दोन गोष्टी आणखी लिहिल्या होत्या. एक, रिटायर झाल्यावर तुम्ही मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी भारतातून नव्याने येणाऱ्या सुनांसाठी मोफत सल्ला देणार आहात, “तुझ्यासारख्या भांबावलेल्या मुलींना घरचं कोणीतरी हवं असतं.” दोन, सत्कार होऊन जाऊ दे, मग जानेवारीत निवांत भेटू आणि तुला जे ठरवायचं ते ठरव. पाच वर्षांचा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही मला डिसेंबर ओलांडून न्यायला बघत होतात, की खरंच थकून लिहिलं होतं, मला सांगता येत नाही. मी ते शोधत बसले नाही.

आणि त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आली. कोण, कुठली, वय काय, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते कोणालाच सांगायचं नसतं. तिला गोळ्या हव्या होत्या. मी बीपी घेतलं. एकशे छप्पन्न बाय अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, तसंच. मी तिला सांगितलं की ही गोळी तुम्हाला देता येणार नाही, बीपी जास्त आहे. तिने माझ्याकडे इतक्या थंडपणे बघितलं. म्हणाली, “तुम्हाला माझ्या सासूबाईंनी फोन केला का?”

मी म्हटलं, “नाही. मी तुमच्या घरच्या कोणालाच ओळखत नाही.”

“सगळे असंच म्हणतात. माझ्या डॉक्टरही त्यांच्याच ओळखीच्या आहेत.”

मी मशीनचं तोंड तिच्याकडे वळवलं. तिला स्वतःला बटण दाबायला लावलं. आकडे वर चढताना आणि खाली येऊन थांबताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मग मी तिला दुसऱ्या प्रकारची गोळी समजावून सांगितली, ज्यात बीपीची अडचण येत नाही, तीही आमच्या यादीत आहे, आणि ती दिली. बीपी दाखवायला कुठे आणि कधी जायचं तेही लिहून दिलं.

ती गेल्यावर मी खोलीचं दार लावून बसले. त्या दुसऱ्या गोळीचं मला नवीन काही नव्हतं, मावशी. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला मी ते पाठ केलं होतं. माझं बीपी खरंच जास्त असतं, तरी तुम्ही मला ती देऊ शकला असतात. त्या डिसेंबरात तुमच्या समोर बसले असताना हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही. तुम्ही मावशी होतात, डॉक्टर होतात, मला कोट आणून दिला होतात, आणि तुमच्यापुढे शहाणपणा करणं बरं दिसलं नसतं. पाच वर्षांत मी सगळ्यांना दोष देऊन झाले, पण ही गोष्ट स्वतःशीही कबूल केली नव्हती. तुमच्यावरचा माझा राग एवढा मोठा आहे, त्यात स्वतःवरचाही बराच आहे. पण तेवढ्यासाठी तुम्हाला सोडावं असं मला वाटत नाही.

पुष्करच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा दिलं नाही, ते आता देते, त्याला वाचून दाखवा. पूर्वी मला हवी आहे. काल हवी होती, आज हवी आहे, उद्याही. पण तिच्यामागे लपायची सोय मी तुम्हाला करून देणार नाही. ती तुमच्या खोटेपणाची पावती नाही. आणि आईंना नातवंड बघायचं होतं, तर त्यांनी मला फोन करायचा होता. “कस्तुरी, मी जाणार आहे, माझ्यासाठी एवढं करशील का?” असं एका मरणाऱ्या बाईने विचारलं असतं तर मी ब्रायटनची जागा स्वतः सोडली असती. कदाचित. कदाचित नसतीही. पण ते मी ठरवलं असतं. तुम्ही दोघींनी पुण्याहून वॉटफर्डला फोन लावून माझ्या पोटाचं ठरवलंत, आणि मला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मराठी मंडळाच्या अध्यक्षांनाही मी तक्रारीची प्रत पाठवली आहे, म्हणजे रविवारच्या सल्ल्याचं काय करायचं ते त्यांना ठरवता येईल.

कस्तुरी

स्ट्रेटहॅम
२९ डिसेंबर २००९

सुलक्षणामावशी,

नियामक मंडळाचं पत्र मला शुक्रवारी, अठरा तारखेला आलं. तक्रार दाखल करून घेतली आहे, चौकशी होईल, तुमचं म्हणणं मागवलं आहे. तुम्हालाही तसंच आलं असणार.

पुष्कर नाताळच्या आदल्या दिवशी येऊन गेला. या वेळी तो आत येऊन खुर्चीवर बसला. त्याने सांगितलं की संक्रांतीचा सत्कार रद्द झाला, हॉलमधला सल्लाही. तुम्ही दवाखान्यात जाणं बंद केलं आहे आणि तुमच्या पार्टनर डॉक्टरांनी तुमचे पेशंट वाटून घेतले. तुम्ही जेवत नाही, असंही म्हणाला. मग म्हणाला, “मावशी चौसष्ट वर्षांची आहे. तिने आख्खं आयुष्य वॉटफर्डला दिलं. तिने विचारलंय, आता तुझं समाधान झालं का?”

मी म्हटलं, “हो. झालं.”

त्याला वाटलं मी आणखी काही बोलेन. मग तो तसाच उठला. जाताना त्याने सांगितलं की यापुढे पूर्वीच्या शनिवार-रविवारचं वकिलामार्फत बघू. हे होणार याची मला कल्पना होती. ते मी लढेन.

त्याच्याजवळ उत्तर दिलं ते त्रोटक होतं, म्हणून तुम्हाला नीट लिहिते. मला वाईट वाटत नाही. मी वाट पाहिली की वाटेल, कारण चांगल्या बाईला वाटायला हवं. तुम्ही घरात बसून आहात, मंडळातल्या बायका आता तुमचं नाव निघालं की बोलणं बदलतात, हे ऐकून मी शांत जेवले. पानात लोणचं घेतलं. तुम्ही मला एकदा पुष्करसमोर सोफ्यावर बसून जिवाशी खेळणारी ठरवलं होतंत, तेव्हा मलाही काही दिवस जेवण गेलं नव्हतं. त्या वेळी मला असं विचारायला कोणी माणूस पाठवला नव्हता.

पूर्वीने काल विचारलं, या वर्षी वॉटफर्डच्या आजीचं प्रेझेंट का नाही आलं. मी तिच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगितलं, मी आजीची तक्रार केली आहे.

“टीचरला?”

“आजीच्या टीचरला.”

तिने थोडा विचार केला. “आजी नॉटी होता?”

“होती. हो.”

“मग तिने सॉरी म्हटला का?”

“म्हटलं.”

“मग का सांगितला टीचरला? सॉरी म्हटलं की फिनिश होतं, मिस सांगते.”

मी तिचे केस विंचरत होते, ते विंचरत राहिले. शेवटी तिला म्हटलं की आजी मला एकटीला सॉरी म्हणाली, आणि लगेच सांगितलं की कोणाला सांगू नकोस. पूर्वीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “दॅट्स नॉट अ प्रॉपर सॉरी,” आणि तिची बाहुली घेऊन निघून गेली.

चार वर्षांच्या मुलीला हे समजतं. तुम्ही उद्या-परवा तुमचं म्हणणं लिहायला बसाल. तुमचा वकील सांगेल की घरगुती भांडण आहे, घटस्फोटित सून आहे, फसवून लिहून घेतलं आहे. तसं लिहायचं असेल तर लिहा. फसवून घेतलं हे खरंच आहे. पण जे लिहून घेतलं तेही खरंच आहे, आणि तुम्ही ते खोटं ठरवायला गेलात तर चौकशीत समोर बसून मी सगळं पहिल्यापासून सांगेन, चिवड्यासकट. मला त्याची घाई नाही. मी पाच वर्षं थांबले होते, आणखी एक-दोन वर्षं सहज थांबेन.

मला आता पत्र लिहू नका, आणि पुष्करकडून निरोपही नको. लिहायचं ते तिकडे लिहा. माझ्या नावाने काही आलंच तर मी ते घरात ठेवून घेणार नाही. भाषांतर करून पुढे पाठवीन.

कस्तुरी